आधी काठ, मग तळे

परसात गोल्डफिशचे तळे करायचे ठरले की कामाचा क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो. आधी खड्डा, मग प्लास्टिकचा कागद, मग पाणी, मग मासे. आणि हे सगळे झाल्यावर उरलेल्या पैशात आणि उरलेल्या उत्साहात काठावर मांडलेले दगड. पहिला जोराचा पाऊस झाला की त्यातला एक दगड पाण्यात उतरतो, दुसरा पाय ठेवताच डुगडुगतो आणि एका बाजूला काळा कागद वीतभर उघडा पडतो. मग दगड बदलतात, जास्त सिमेंट ओततात, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. दगड बिचारा काय करणार? त्याला बसायला खाली जागाच केलेली नसते.

म्हणून या लेखात क्रम उलटा सांगतो आहे. काठाचा पाया आधी घालायचा, तो पक्का झाला की त्याच्या आतून खड्डा खणायचा. गवंडी आधी थोडी कुरकुर करेल. एकदा केल्यावर तोही याच क्रमाने करू लागेल.

हिशेबासाठी आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल असे तळे धरू. बंगल्याच्या मागच्या अंगणात किंवा गावच्या घराच्या परसात एवढे सहज मावते. बाजू जवळजवळ उभ्या ठेवल्या तर त्यात साधारण अडीच हजार लिटर पाणी राहील. त्याचा पृष्ठभाग ४८ चौरस फूट, म्हणजे पाण्याची पातळी एक इंच उतरली तर सुमारे ११३ लिटर पाणी गेले. हा आकडा लक्षात असू द्या, काठाच्या चुका त्यावरून पकडता येतात.

सुरुवात पातळीपासून. पाण्याला लाडीगोडी चालत नाही. काठाची एक बाजू दुसरीपेक्षा इंचभर खाली असेल, तर पाणी त्या बाजूने बाहेर जाईल आणि समोरच्या बाजूला इंचभर कागद कायम दिसत राहील. डोळ्याने ‘सरळ वाटते’ म्हणून पुढे जाऊ नका, कारण परसाची जमीन जवळपास नेहमीच उताराची असते आणि मागची भिंत, कुंपण, पायवाट हे सगळे मिळून नजरेला फसवतात. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल नळी असते, ती मागवा. तळ्याची आखणी चुन्याच्या फक्कीने करून रेषेच्या बाहेर दर दोन-तीन फुटांवर खुंटी ठोका. नळीत पाणी भरताना मध्ये बुडबुडा राहू देऊ नका. एक बुडबुडा राहिला तरी माप चुकते. एक खुंटी मुख्य धरून तिच्यावर खूण करा आणि ती पातळी बाकी सगळ्या खुंट्यांवर न्या. हे तासाभराचे काम आहे आणि सगळ्या तळ्यात याच्याइतका स्वस्त तास दुसरा नाही.

खुंट्या लागल्या की उतार उघडा पडतो. इथे एक मोह होतो: खड्ड्यातून निघालेली माती खालच्या बाजूला टाकून ती बाजू वर उचलायची. हे करू नका. उकरलेली माती कितीही चोपली तरी एक-दोन पावसाळे बसत राहते आणि तिच्यावरचा काठ तिच्याबरोबर खाली जातो. उंच बाजू छाटून खाली आणा. तेवढे शक्य नसेल तर खालच्या बाजूला न हललेल्या जमिनीपासून दगडाचे किंवा काँक्रीट ब्लॉकचे बांधकाम वर आणा. निघालेली माती गुलाबाच्या वाफ्यात घाला, काठात नको.

आता माती कोणती, हे पाहायचे. पुणे, नाशिक, संभाजीनगर ते थेट अमरावतीपर्यंत ज्यांच्या परसात काळी माती आहे त्यांनी सर्वांत जास्त सावध राहावे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून इतकी फाटते की भेगेत पंजा जातो. अशा मातीवर ठेवलेला काठ जूनमध्ये वर येतो आणि एप्रिलमध्ये खाली बसतो, शिवाय सगळीकडे सारखा नाही. उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करावेत. आखणीच्या रेषेला लागून बाहेरच्या बाजूने फूटभर रुंद आणि सव्वा फूट खोल चर खणा. तळात मुरूम भरा, पण एकदम नाही. चार-चार इंचांचा थर, त्यावर थोडे पाणी, मग धुमसाने चोपणी, मग पुढचा थर. मुरमावर टाच मारल्यावर नुसती खूण उमटावी, टाच रुतू नये. त्याच्यावर चार-पाच इंच जाडीचा काँक्रीटचा बेल्ट, सगळ्या तळ्याभोवती एकसंध, आत आठ मिलिमीटरच्या दोन सळया. जमीन हललीच तर हा बेल्ट अख्खा हलेल, तुकड्यातुकड्याने नाही, आणि काठाच्या दृष्टीने फरक सगळा तिथेच आहे. बेल्टची वरची बाजू खुंट्यांवरच्या खुणेला मिळवा. आपल्या तळ्यात ती साधारण जमिनीच्या पातळीला येईल.

मुरमाड जमीन असेल तर चर अर्ध्या खोलीचा पुरतो. वाळूमिश्रित, ढासळणाऱ्या जमिनीत मात्र नुसत्या बेल्टवर विसंबू नका. तिथे तळापासून नऊ इंची भिंतच बांधून वर आणा. साध्या विटांची भिंत असेल तर तिला दोन्ही बाजूंनी गिलावा हवा, नाहीतर सततच्या ओलीने लोणा लागून वीट झडू लागते.

बेल्टवर ओले गोणपाट टाकून सात ते दहा दिवस पाणी मारा. त्यानंतरच आतून खणायला घ्या. बेल्टखालची माती पूर्ण रुंदीने जशीच्या तशी राहिली पाहिजे. पहार तिच्यात घुसवून पोकळी करणारा गडी असेल तर त्याला मधला भाग खणायला लावा आणि कडेची छाटणी स्वतः करा. बाजू अगदी सरळ उभ्या न ठेवता तळाकडे किंचित आत घ्या. बेल्टच्या आतल्या वरच्या कडेला जी धार राहते ती ओल्या मालाने गोल करून घ्या, कारण पुढे कागद नेमका तिथेच वाकणार आहे.

कागद निवडताना शेततळ्यासाठी मिळणारा ५०० मायक्रॉनचा घ्या. ताडपत्रीवर भागवू नका, उन्हाने ती दोन-तीन वर्षांत चिरते. माप असे: लांबीत दुप्पट खोली मिळवायची आणि दोन्ही काठांसाठी दोन-दोन फूट. म्हणजे ८ अधिक ४ अधिक ४, सोळा फूट. आणि रुंदीला ६ अधिक ४ अधिक ४, चौदा फूट. काठासाठी दोन फूट जास्त वाटतात, पण इथे वाचवलेला कागद नंतर कशानेही जोडून येत नाही. कागदाखाली अंथरायला जिओटेक्स्टाइल उत्तम. नसेल तर जुना फ्लेक्स चालतो. चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एवढा तरी उपयोग व्हावा.

कागद अंथरून बेल्टवरून सैल बाहेर सोडा आणि तळे भरा. दगड अजून लावायचे नाहीत, कडा अजून कापायच्या नाहीत. पाण्याचे वजन कागदाला कोपऱ्यात ओढते, सुरकुत्या बसतात, आणि हे होताना काठावरचा कागद आत सरकतो. आधीच दगड रचून दाबून टाकला असता तर तो ताणला गेला असता. दोन दिवस भरलेले राहू द्या. पातळी बेल्टच्या आतल्या कडेशी सगळीकडे सारखी आहे ना, हे पट्टीने मोजा. चूक असेल तर दुरुस्त करायची ही शेवटची सोपी वेळ.

दगडाचे काम आता. सिमेंटचा माल प्लास्टिकला चिकटत नाही. काठाची निम्मी दुखणी या एका गोष्टीतून येतात. नदीतले गोल गोटे मालात खोचून सुंदर काठ होतो खरा, पण कागदावर तो नुसता ठेवलेला असतो; एक मूल त्यावर उभे राहिले की माल सुटतो आणि गोटा मुलासह पाण्यात. म्हणून कागदावर बसणारा दगड स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. काळ्या दगडाची फूटभर रुंद, दीड फूट लांब आणि दोन इंच जाड लादी सुमारे वीस किलो भरते. ती एका पायाने हलत नाही. बारीक कापलेली शहाबादी फरशी दिसायला नीट असली तरी हलकी असते आणि टोकाला पाय पडला की कलंडते किंवा तुटते. ती घ्यायचीच असेल तर दुहेरी थरात, सांधे मोडून लावा.

एक लादी बसवायची रीत जवळून पाहू. लादीची बसकी बाजू ब्रशने घासून धूळ काढा, धुळीवर माल धरत नाही. बेल्टवरच्या कागदावर इंचभर माल पसरा, तो आतल्या कडेपासून दोन बोटे मागे ठेवा, नाहीतर दाबल्यावर पाण्यात सांडेल. एक वाटा सिमेंट आणि चार वाटे वाळू, घट्टसर. लादी ठेवून पाण्यावर दोन इंच पुढे येऊ द्या, त्याहून जास्त नको. निदान दोन तृतीयांश दगड तरी बेल्टवर पक्का टेकलाच पाहिजे. मग लाकडी दांड्याने मधोमध ठोका, चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने तळहात दाबा. एखादा कोपरा डुगडुगला तर खाली माल कोंबून भागवू नका. दगड उचला, चिप घाला, पुन्हा बसवा. वरची बाजू बाहेरच्या बाजूला अगदी किंचित उतरती ठेवा, म्हणजे काठावर पडलेले पावसाचे पाणी, माती, पाखरांची विष्ठा तळ्यात न येता बागेत जाईल.

आणि कागदाचे शेवटचे टोक? लादीच्या मागून ते उभे वर वळवा, लादीच्या माथ्यापर्यंत आणा, मागून माती किंवा खडी लावून आधार द्या आणि मगच कापा. बहुतेक जण ते मातीत आडवे गाडून टाकतात. तसे केले की काठावरची माती, गवताची मुळे आणि पाणी यांचे सूत जुळते. दिव्यातली वात तेल ओढते तशी माती तळ्यातले पाणी ओढत राहते. तळे रोज अर्धा इंच उतरते, घरचे लोक कागदात भोक शोधत बसतात आणि भोक कुठेच नसते. संशय आला तर तळ्याशेजारी त्याच उन्हात पाण्याने भरलेली बादली ठेवा आणि दोन्हींवर खूण करा. कारंजे असेल तर ते बंद ठेवा. दोन दिवसांनी दोन्ही सारखी उतरली असतील तर ते नुसते बाष्पीभवन. तळे बादलीपेक्षा बरेच जास्त उतरले असेल तर आधी काठाभोवती फिरून ओली माती कुठे लागते ते पाहा, मगच भोक शोधा.

कोकणात आणि गोव्यात गणित थोडे वेगळे. कातळ लागला तर काठ ढासळण्याची भीती नाही, बेल्टऐवजी खडबडीतपणा भरून काढणारा कोबा पुरतो. जांभ्याच्या चिऱ्यांचा काठ लाल मातीला शोभतोही. पण जांभा सच्छिद्र आहे. तो पाण्याला टेकला की भिजत राहतो आणि पावसाळ्यात त्यावर अशी शेवाळ धरते की पाय ठेवायची सोय राहत नाही. चिरा पाण्यापासून वर, कोरड्या बाजूला वापरा आणि जिथे उभे राहून माशांना खाणे टाकायचे तिथे काळ्या दगडाची खडबडीत लादी लावा. तिकडे जुलैमध्ये जमिनीतले पाणीही वर येते. तळे रिकामे असेल तर ते कागद खालून फुगवते आणि काठाचे दगड ढकलते. पावसाळ्यात तळे साफ करायला उपसू नका. राहिला खेकडा. खेकड्यांवर खापर फोडायची आपल्याकडे सवय असली तरी काठ पोखरण्याच्या बाबतीत त्याच्यावरचा आरोप अगदीच खोटा नाही. घाटावर हेच काम घुशी करतात. बेल्टच्या बाहेरून फूटभर खोल उभी वेल्डमेश जाळी पुरून ठेवली की दोघेही वळसा घालतात.

धरणाला सांडवा असतो, तळ्यालाही हवा. भंडारा-गोंदियाकडे कोहळी लोकांनी बांधलेल्या मालगुजारी तलावांच्या मातीच्या पाळी पिढ्यान्पिढ्या टिकल्या आहेत, कारण जादा पाणी पाळीवरून न जाता कुठून जायचे हे ठरवलेले असे. आपल्या तळ्यात हे काम सोपे आहे. बेल्ट ओततानाच, बागेच्या उताराच्या बाजूला, चार इंच रुंद आणि इंचभर खोल खाच ठेवा. कागद त्या खाचेतून बाहेर न्या, त्याला भोक पाडायची गरज नाही. या एका जागी कागद मागे वर वळवायचा नाही, पाणी पुढे मोकळे वाहू द्यायचे. खाचेवर लादी पूल होऊन बसते, खालून पाणी वाहते. तोंडाला नायलॉनची जाळी हवीच. गोल्डफिश प्रवाहाला लागून अंगणात येतो आणि सकाळी मांजर ते आधी पाहते. जाळीत पाने अडकतात, म्हणून पावसात रोज एकदा हात फिरवा. छपराची पन्हळ तळ्यात सोडू नका. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तीन फुटांहून अधिक. दोन फूट खोल तळ्याला नुसते आभाळातले पाणीच तेवढे झाले, त्यात छपराची भर कशाला.

गोल्डफिश हा शेवटी रोहू-कटल्याच्या गोतातला मासा, तळ उकरणे त्याच्या रक्तात आहे. काठाला लागून उथळ पायरी करून त्यावर बारीक खडी पसरली तर तो ती दिवसभर चघळून तळात ढकलतो, आणि एखादा खडा त्याच्या तोंडात अडकून बसतो. खडी टाकायचीच तर त्याच्या तोंडात न मावणारी, सुपारीपेक्षा मोठी. समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू उतरणारा काठ चित्रात छान दिसतो, पण तो वंचकाला आमंत्रण आहे. हा बगळा उथळ पाण्यात उतरून पुतळ्यासारखा उभा राहतो आणि चार-आठ दिवसांत तळे मोकळे करतो. काठापासून एकदम फूटभर खोली आणि पाण्यावर आलेली लादी असली की माशांना तिच्याखाली दडायला जागा मिळते. खंड्या वरून सूर मारतो, त्यालाही लादीखालचा मासा सापडत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तीच सावली पाणी थोडे थंड ठेवते. एका कोपऱ्यात मात्र खडबडीत दगड तिरका टेकवून ठेवा. रात्री पाण्यात पडलेला सरडा, खार, बेडकाचे पिल्लू यांना वर यायला वाट हवी. नाहीतर सकाळी मेलेले काहीतरी काढायचे काम रोजचेच.

दर्जा, म्हणजे लाद्यांमधले सांधे, सिमेंटने भरून झाल्यावर मासे सोडायची घाई होते. ओल्या सिमेंटमधून चुन्याचा अंश पाण्यात उतरतो आणि पाणी इतके अल्कधर्मी होते की माशांचे कल्ले भाजतात. दगड लावताना तळ्यात असलेले पाणी पूर्ण उपसा, काठ घासून धुवा, भरा, आठवड्याने पुन्हा उपसा. असे दोन-तीनदा. मत्स्यालयाच्या दुकानात पीएच तपासायची छोटी पेटी मिळते. आकडा साडेआठच्या खाली येऊन दोन-तीन दिवस तिथेच राहिला की मगच मासे. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जायला तेही दोन दिवस उघडे राहू द्या. तुरटी किंवा लिंबू टाकून पीएच उतरवण्याचे घरगुती प्रयोग करू नका.

काठाबाहेरच्या उतारावर वाळा लावा. त्याची मुळे सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात, आडवी पसरून दगड उचलत नाहीत. लाद्यांच्या फटींतून ब्राह्मी पसरली तर छान दिसते, पण तिचे टोक पाण्यात उतरून दुसरे टोक मातीत रुजले की तीही वात होते. अधूनमधून कापत राहा. बांबू, वड, उंबर यांच्या जवळ तळे घेऊच नका. दूर असले तरी पाखरे बी आणतात आणि दर्जेच्या चिरेत पिंपळाचे रोप उगवते. दोन पानांचे असताना ते चिमटीत येते. वर्षभर राहू दिले तर दगड फोडूनच निघते.

हे सगळे काम दिवाळीनंतर काढा. जमिनीत ओल असते पण चिखल नसतो, काँक्रीटला उन्हाचा तडाखा नसतो, आणि पहिल्या पावसाआधी काठाला पाच-सहा महिने बसायला मिळतात. मे महिन्याच्या अखेरीस घाईने उरकलेला काठ मी तरी कुणाला सुचवणार नाही.

घरात किंवा शेजारी रांगते मूल असेल तर दोन फूट पाणीही थोडे नाही. बेल्टवर लाद्यांऐवजी दीड-दोन फुटांचा कठडा बांधा, नाहीतर दगडांखाली अडकवता येईल अशी लोखंडी जाळी पाण्यावर बसवून घ्या आणि ती मूल मोठे होईपर्यंत काढू नका.

गवंड्याचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी तळे सांडव्यापर्यंत काठोकाठ भरा, एका जागी नळ सोडून जादा पाणी खाचेतूनच जाते ना ते पाहा, आणि घरातल्या सर्वांत वजनदार माणसाला सगळ्या लाद्यांवरून एक फेरी मारायला लावा. जी लादी हलेल ती त्याच दिवशी उचलून पुन्हा बसवून घ्या. पैसे त्यानंतर.